दम धर

१

सुरुवातीलाच सांगून टाकतो, मी भुताखेतांवर विश्वास ठेवणारा माणूस नाही. नागपूरच्या कमाल चौकात माझं फ्रिज-एसी दुरुस्तीचं दुकान आहे. दिवसभर नळ्या, कॉम्प्रेसर आणि गॅस यांच्याशी गाठ. माझ्या धंद्यात प्रत्येक आवाजाला कारण असतं. हवा कुठून तरी शिरते, कुठून तरी निघते, बास. आता पुढचं ऐका आणि मधे बोलू नका. हे सांगताना मला अजूनही थरथर सुटते, आणि खोटं कशाला बोलू, त्यातली अर्धी थरथर आनंदाची आहे.

मार्च संपत आला होता. काटोलला गिरिधरभाऊ म्हणून संत्र्याचे व्यापारी आहेत, त्यांच्या वडिलांच्या खोलीतला एसी थंड करत नव्हता, म्हणून मी गेलो होतो. स्टुलावर चढलो, जाळी काढली, सहज खाली पाहिलं, आणि जाळी माझ्या हातातून सुटली ती थेट फरशीवर! पलंगावर त्यांचे वडील धोंडबा निजलेले, आणि त्यांच्या कुशीत युफोनियम!

युफोनियम बँडवाल्यांशिवाय कोणाला ठाऊक नसतं. ट्रम्पेटचा मोठा काका समजा. पितळेचा, जाडजूड नळ्यांचा, वर तोंड करून उघडलेला मोठा भोंगा, आणि लेकरू उचलून घ्यावं तसा पोटाशी धरून वाजवायचा. आवाज कसा, तर भरल्या गळ्याचा माणूस तोंड मिटून गुणगुणतो तसा. आणि हा तर इंग्रजांच्या काळातला विलायती नग! कामठीच्या छावणीतून कधीतरी बाहेर पडलेला असणार. हिरवट पडला होता, भोंग्याला पोचे होते, पिस्टन अडकलेले, तरी अंगची ऐट कायम. मी नुसता बघत राहिलो. अशा वाद्यासाठी माझ्या भावानं उभा जन्म आस लावली होती.

भावाचं सांगतो. चंद्रभान दादा, आमच्या नीलज्योत बँड पार्टीचा मास्तर. मी पार्टीत ट्रम्पेट वाजवतो, दादा युफोनियम. गेल्या भीमजयंतीच्या मिरवणुकीत त्याचं जुनं वाद्य चिरलं, आणि त्यानंतर दादाही खंगतच गेला. त्या दिवसांत तो धंतोलीच्या एका दवाखान्यात होता. फुफ्फुसात पाणी. सुईनं काढायचं, पुन्हा भरायचं. दोन शब्द बोलला की धापा टाकायचा. डॉक्टरांनी मीरा वहिनीला बाजूला घेऊन सांगितलं होतं, की नातेवाइकांना बोलावून घ्यायचं तर घ्या. आई-बापाच्या मागे दादानंच मला वाढवलं, ट्रम्पेट त्यानंच हातात दिलं. मला दुसरं काही नको होतं. चौदा एप्रिलला दादा पार्टीच्या पुढे चालताना मला पाहायचा होता.

"गिरिधरभाऊ," मी म्हणालो, "हे वाद्य मले द्या जी. दुरुस्त करून माह्या भावाच्या हातात देतो. वाजलं पायजे ते."

गिरिधरभाऊंनी विचारही केला नाही. "न्या ना! बाबांनी फुंकणं सोडलं त्याले जमाना झाला. बोलत नाहीत, उठत नाहीत, पण हे कुशीत पायजेच. आता आम्ही फ्लॅटमध्ये चाललो, तिथं बायको हे धूड ठेवू देईल काय?"

मी धोंडबांजवळ वाकलो. डोळे टक्क उघडे, लखलखीत. अंगावरचं पांघरूण इस्त्री केल्यासारखं, कुठे सुरकुती हलत नव्हती. मी वाद्याला हात लावला तशी त्यांनी माझं मनगट धरलं. आणि ओठ हलले.

"दम धर."

"अरे! बाबा बोलले!" गिरिधरभाऊ तर नाचायचेच बाकी राहिले. "किती वर्षांनी बोलले! काय म्हणाले?"

मला कोण आनंद झाला! दुसऱ्या कोणाला कळलं नसतं, मला कळलं. आम्हा बँडवाल्यांची ती भाषा आहे. जुनं वाद्य हाती आलं की पहिलं पाहायचं, ते दम धरतं का. म्हणजे हवा कोंडून राहते, की सांध्यांतून गळते. "बाबा मले शिकवून राहिले जी," मी म्हणालो. "म्हणतात, आधी दम धरून पाय, मग बाकीचं." मी हात जोडले. पण धोंडबा मनगट सोडेनात. गिरिधरभाऊंनी हसत हसत त्यांचं एकेक बोट सोडवलं, तेव्हा कुठे मी वाद्य घेऊन निघालो.

२

एप्रिलचा नागपूरचा उन्हाळा म्हणजे आमचा दिवाळीचा हंगाम. गल्लोगल्ली कूलर बंद, एसी बंद, फोनवर फोन. आणि मी दुकानाला कुलूप घालून, दादाच्या आणि माझ्या एकत्र घराच्या पुढच्या खोलीत वाद्य घेऊन बसलेलो.

"गिऱ्हाईकं बोंबलून राहिले अन् तुम्ही इथं भांडे घासून राहिले," माझी बायको रोशनी म्हणाली.

"भांडं नोको म्हणू वं त्याले. पाय, पाय, हिरव्याखालून पिवळं पितळ निघून राहिलं!"

काय दिवस होते ते! कोमट पाण्यात साबण घालून टबात वाद्य बुडवलं. नळ्यांतून लांब ब्रश फिरवला तर काळा गाळ, गंज, आणि एक वाळकं संत्र्याचं पान निघालं. पिस्टन तेलात भिजत घातले. भोंग्याचे पोचे लाकडी ठोकळ्यावर धरून हळूहळू उठवले. चिंचेनं घासल्यावर पितळ असं हसलं म्हणता, की रोशनीसुद्धा पदर खोचून मांडी घालून बसली.

एकच गोष्ट अडली. माउथपीस. म्हणजे ओठ लावायची ती वाटीसारखी तोंडी. ती नळीत रुतून बसली होती, हलता हलेना.

आता हे बघा. वाद्य पार्टीचं असतं, पण माउथपीस माणसाचा. ज्याचा त्याचा, वाजवून झालं की उपसून खिशात टाकायचा. वाद्यात सोडून कोणी जात नाही. शिकाऊ पोट्टंही नाही. धोंडबांसारख्या जुन्या माणसानं तो वर्षानुवर्षं आत कसा ठेवला, हे कोडं मला पडलं होतं. पण तो निघाल्याशिवाय नळी साफ कशी होणार, आणि दादाचा माउथपीस बसणार कुठे? आणि दम तरी कसा धरून पाहायचा?

मी कूलरच्या मोटरीचं बेअरिंग काढायचा पुलर आणला. त्याचे दोन पंजे माउथपीसच्या कडेखाली अडकवले आणि स्क्रू पिळत गेलो. दुपारची वेळ होती. बाहेर ऊन असं, की रस्त्यावर कुत्रं नाही. कूलरची घरघर तेवढी चालू. पिळलं, पिळलं, टक्क असा आवाज झाला आणि माउथपीस सुटला.

"निघाला वं! निघाला!" मी ओरडलो.

रोशनी मात्र नळीकडे बघत होती. नळीतून हवा येत होती. जोरात नाही, उसासा सोडावा तशी. आली, येत राहिली, येतच राहिली. समोर पडलेला कागद सरकत सरकत दारापर्यंत गेला. संत्र्याच्या सालीचा वास सुटला, जुना, किंचित कडवट. मग एकदम सगळं थांबलं.

"कोंडलेली हवा," मी म्हणालो.

"एवढी?" रोशनी म्हणाली.

एवढी नव्हे, हे मलाही दिसत होतं. पण मी इतका खुश होतो की मी दवाखान्यात फोन लावला आणि दादाला सांगितलं, "दादा, मोकळं झालं!"

३

दुसऱ्या दिवशी धंतोलीला गेलो. दादा उशा लावून बसवलेला, बरगड्या मोजून घ्याव्यात अशा. मोबाइलवर वाद्याचे फोटो दाखवले तर त्याचे डोळे भरून आले.

"आवाज... कसा?" दादानं विचारलं.

"तूच काढशील ना पहिला आवाज. मी कायले फुंकू?"

त्यानं मीरा वहिनीला खूण केली. वहिनीनं उशीखालून त्याचा माउथपीस काढला. दवाखान्यातही तो त्यानं जवळ ठेवला होता. दादानं तो ओठांना लावला, डोळे मिटले आणि सगळा जीव एकवटून एक फुंकर मारली. ओठ फुर्र वाजले. मग खोकल्याची अशी उबळ आली की नर्स धावत आली.

मी काय केलं, तर तो माउथपीस त्याच्या ओठांवरून घेतला आणि पटकन दोन्ही बाजूंनी अंगठे दाबून धरले.

"धरला तुहा दम!" मी म्हणालो. "आता हा घरी नेऊन वाद्यात भरतो. तू आरामात ये मागून."

अहो, दादा हसला! खोकता खोकता हसला. वहिनी पदर तोंडाला लावून हसली. आमच्या पार्टीत ही जुनी थट्टा आहे, नव्या पोट्ट्यांची अशीच फिरकी घेतात. पण मला इतका जोर चढला होता की मी खरंच अंगठे काढले नाहीत. खाली उतरून एका हातानं हत्यारांच्या पिशवीतली रबरी बुचं लावली, घरी येऊन ती उपसली आणि माउथपीस सरळ वाद्याच्या नळीत बसवला. बसला कसा, मापानं केल्यासारखा. वाद्य खुर्चीत ठेवलं, वर मलमलचा कपडा टाकला.

सकाळी कपडा काढला, आणि सवयीनं पाणी काढायची चावी दाबली.

वाजवताना श्वासाची वाफ आत गार होऊन पाणी साचतं, ते सोडायला खालच्या नळीला एक छोटी चावी असते. वाजवणाऱ्याचा अंगठा आपोआप तिच्यावर जातो. माझाही गेला. आणि फरशीवर पाणी पडलं. थेंब नाही, चांगली धार. पेलाभर तरी असेल.

वाद्य मी स्वतः कोरडं करून ठेवलं होतं. फुंकलं कोणीच नव्हतं.

"कूलरच्या दमट हवेनं," मी रोशनीला म्हणालो. एसीलाही पाणी सुटतंच ना? तिनं पोछा आणला.

तेवढ्यात मीरा वहिनीचा फोन. "भाऊजी! आज डॉक्टरनं सुई लावली तं पाणीच नाही निघालं! छाती हलकी झाली म्हणतात हे. पोहे मागून राहिले!"

४

त्या आठवड्यात आमच्या घरात जी धांदल होती ती विचारू नका. सकाळी उठलो की पहिलं काम चावी दाबायची. पाणी पडायचं. फोन वाजायचा. दादा बसला. दादा चालला. दादानं नर्सला शिटी वाजवून दाखवली. डॉक्टर म्हणे, औषध लागू पडलं. मीही तेच म्हणत होतो, तोंडानं. मनात मात्र मी हिशेब जुळवून बसलो होतो, आणि तो असा जुळत होता की मी पाणी काढताना वाद्याला म्हणायचो, काढ, राजा, सगळं काढ.

पण मेकॅनिकचं मन गप्प बसत नाही. दम धरून पाहायचं राहिलंच होतं. आम्ही गॅसची गळती शोधतो तसंच ते. भोंग्यात फुटबॉलचा ब्लॅडर फुगवून घट्ट बसवायचा, प्रत्येक सांध्यावर साबणाचा फेस लावायचा, माउथपीसमधून फुंकायचं. जिथे बुडबुडा फुगेल तिथे गळती.

त्या दुपारी मी ब्लॅडर बसवला आणि फेस लावला. थोडा फेस माउथपीसच्या भोकावरही सांडला आणि त्याचा पातळ पडदा तयार झाला. तो पुसायला मी हात नेला आणि थांबलो.

पडदा फुगला. हळूच, बोराएवढा झाला. उन्हानं आतली हवा तापली असेल, म्हणून फुगला, हे कोणीही सांगेल.

मग तो आत गेला. चांगला खोल, वाटीत शिरला. आणि पुन्हा फुगला. पुन्हा आत. तापलेली हवा बाहेर येते, ती आत ओढून घेत नाही. माझ्या सगळ्या धंद्यात मी असं पाहिलं नव्हतं. हळूहळू त्याचा वेग वाढला. फुगायचा थोडासा, आत जायचा घाईघाईनं. मला तो वेग ओळखीचा वाटला, पण कुठला ते सुचेना.

"रोशनी, इकडे ये वं."

ती आली, बघितलं, आणि नळीवर तळहात ठेवला. "गरम आहे," ती म्हणाली. "तापाच्या माणसासारखं."

फोन वाजला. मीरा वहिनी रडत होती. "भाऊजी, लवकर या! बरे बसले होते, एकदम जीव घाबरून राहिला यांचा! तोंडावर कोणी उशी दाबली असं म्हणतात! डॉक्टर नळी लावून राहिले, काही उपयोग नाही..."

मी विचार केला नाही. माझ्या हातांनी केला. भोंग्यातला ब्लॅडर मी नखांनी फाडून काढला. भोंग्यातून फस्सकन हवा आत ओढली गेली, एक्झॉस्ट पंख्याकडे पडदा ओढला जातो तशी. माझे केस पुढे आले.

फोनवर वहिनी रडायची थांबली. "आला," ती म्हणाली. "आला बाप्पा, श्वास आला."

मी फरशीवर बसलो. मी हसत होतो. रोशनी म्हणाली, "हसता काय? काहून हसता?"

"अगं, दादाचा श्वास आपल्या खोलीत आहे! त्याले कोणी हात लावू शकत नाई आता!"

तिनं माझ्याकडे बघितलं आणि ती आतल्या खोलीत निघून गेली. त्या दिवसापासून ती पुढच्या खोलीत एकटी बसत नाही.

५

जयंतीच्या आधी दादा घरी आला. पार्टीच्या लोकांनी दारातच ताशा वाजवला, निळा गुलाल उधळला. दादा आत आला, खुर्चीतलं वाद्य बघितलं, आणि उचलून पोटाशी धरलं. पहिली फुंकर! काय सांगू! भिंतीवरची भांडी झणझणली. आम्ही सगळे पुरुष ढसाढसा रडलो.

दादानं एक अख्खं गाणं वाजवलं. न थांबता. पार्टीवाले कानशिलांवर बोटं मोडून दृष्ट काढत म्हणाले, "मास्तर, दम आहे बावा!" मी टाळ्या वाजवत होतो, आणि टाळ्या वाजवता वाजवता त्याच्या खांद्यांकडे बघत होतो. वाजवणाऱ्याचे खांदे श्वास घेताना उचलतात. दादाचे उचलले नाहीत.

दुपारी जेवून दादा आडवा झाला. वहिनी उशाशी बसली होती. मी पाणी प्यायला गेलो तर तिनं मला खुणेनं जवळ बोलावलं.

"भाऊजी, पहिले लई घोरायचे हे. आता एकदम चूप. चांगलं वाटते मले. अन् भीतीही वाटते."

मी दादाकडे पाहिलं. चेहऱ्यावर तेज होतं. अंगावरची चादर इस्त्री केल्यासारखी, कुठे सुरकुती हलत नव्हती. मी बराच वेळ पाहिलं. मग मान वळवून कोपऱ्यातल्या खुर्चीकडे पाहिलं. वाद्यावरचा मलमलचा कपडा भोंग्यात खाली बसत होता आणि वर येत होता. संथ, झोपलेल्या माणसासारखा.

कूलर त्या दिशेला नव्हता. तेही मी पाहून घेतलं.

त्याच संध्याकाळी गिरिधरभाऊ आले. हातात संत्र्यांची पिशवी, डोकं भादरलेलं.

"बाबा गेले जी," ते म्हणाले. "तुम्ही वाद्य नेलं ना, त्याच हप्त्यात. भरदुपारी. आम्ही जेवून बसलो होतो. बाबांनी उसासा टाकला. नागसेनभाऊ, काय सांगू, संपेचना तो. एवढी हवा माणसाच्या छातीत मावते काय? खोलीतलं कॅलेंडर हाललं. मग संपलं."

रोशनीनं चहाचा ट्रे जोरात खाली ठेवला.

"डॉक्टर आले दाखला द्याले," गिरिधरभाऊ आवाज खाली आणून म्हणाले. "मले दोनदा विचारलं, आज गेले म्हणता? आजच? म्हटलं, हो ना जी, माह्यासमोर. तं माह्याकडे पायतच राहिले." मग त्यांनी डोळे पुसले. "त्यांचा तो माउथपीस असला तं द्या. फोटोजवळ ठेवतो."

मी कपाटातून काढून दिला. तो कोरडा होता, गार होता. त्यांनी रुमालात गुंडाळला. दारात चपला घालता घालता ते म्हणाले, "एवढ्या वर्षांत एक शब्द बोलले बाबा, तेही तुमच्याशी. कामाचं बोलले, नाही का?"

"हो," मी म्हणालो. म्हाताऱ्यानं साधं थांब म्हटलं होतं. काटोलचा कोणताही माणूस ते ऐकून थांबला असता. मी बँडवाला निघालो.

ते गेल्यावर मी दादाचा माउथपीस हलवून पाहिला. तो नळीत रुतून बसला होता. हलता हलेना. मला हायसं वाटलं, आणि हायसं वाटलं म्हणून भीती वाटली.

६

चौदा एप्रिल! सकाळपासून इंदोरा वस्तीतले रस्ते निळे. जिकडे पाहावं तिकडे झेंडे, पाणपोया, लेकरांच्या गालांवर अशोकचक्रं, बाया पांढऱ्या साड्या नेसून, आणि माझ्या पुढे पार्टीच्या पहिल्या रांगेत माझा दादा. निळा कोट, सोनेरी झालर, पोटाशी ते झळाळतं वाद्य. दवाखान्यातून ज्याचं प्रेत आणायची तयारी आम्ही केली होती तो माणूस संविधान चौकाकडे ताठ चालला होता. मी ट्रम्पेट फुंकत होतो आणि डोळ्यांतून पाणी गळत होतं. असा दिवस माझ्या आयुष्यात आला नव्हता, येणारही नाही.

चौकाजवळ गर्दी दाटली. दादानं शेवटचा लांब सूर धरला. लोक थबकले. सूर चालू राहिला. पोट्टे मोबाइल वर करून ओरडले, "मास्तर! मास्तर!" सूर चालूच. वहिनी फुटपाथवरून हात हलवत होती. दादाला ती दिसली.

त्यानं वाद्य ओठांपासून काढलं आणि हसून तिला हात केला.

सूर चालू होता.

वहिनीचा हात हवेत राहिला. मी तिचा चेहरा पाहिला आणि तो सूर ऐकला. मी ट्रम्पेट तोंडाला लावून जीव खाऊन फुंकलं, ताशेवाल्याला लाथ मारून ओरडलो, "वाजव बे! जोरात!" सगळी पार्टी उसळली, लोक नाचायला लागले, आणि त्या दणक्यात कोणाला काही कळलं नाही. दादानं माझ्याकडे वळून पाहिलं. मग त्यानं वाद्य हळूच पुन्हा ओठांशी नेलं, उघडं पडलेलं काही झाकावं तसं.

दिवे लागणीला घरी आलो. वहिनी सरळ आत गेली. दादानं वाद्य खुर्चीत ठेवलं, त्यावर कपडा टाकला आणि माझ्या हत्यारांच्या पेटीतून पुलर काढून माझ्यासमोर ठेवला.

"काढ," तो म्हणाला.

"काय काढू?"

"येडं नोको बनू, नाग्या."

"दादा, तू बरा झाला ना! लोकं कसे नाचून राहिले होते! असं कोणी वाजवलं नाई आजपर्यंत!"

"मी कुठं वाजवून राहिलो गा? ते वाजते. मी ऐकतो." तो पलंगावर बसला. गिरिधरभाऊंच्या पिशवीतलं एक संत्रं त्यानं सोललं, फोड नाकाशी धरली आणि माझ्या हातात दिली. "वास नाई येत मले. वास घ्याले श्वास घ्यावा लागते ना. मीरा माह्या छातीवर डोकं ठेवते अन् झोपल्याचं सोंग घेते. तिले वाटते मले समजत नाई."

आत भांड्यांचा आवाज चालला होता. वहिनी त्याच्यासाठी भात लावत होती. कुकरची शिटी झाली.

"पार्टीले तू सांभाळशील," दादा म्हणाला. "काढ आता. माह्यानं नाई होत, मी पाहून घेतलं. काढाले हात लावला की बोटं सोडतच नाईत."

मला धोंडबांची बोटं आठवली. मी पुलर उचलला. त्याचे पंजे गार होते. ज्यानं मला ट्रम्पेट धरायला शिकवलं, तो माणूस माझ्यासमोर बसला होता, नीट भांग पाडलेला, निळ्या कोटातला, आणि माझ्याकडे लहानपणी बघायचा तसाच बघत होता. कोपऱ्यात कपडा वर आला, खाली गेला.

मी पुलर पेटीत टाकला, पेटीला कुलूप लावलं आणि किल्ली खिशात घातली.

"आज जयंती आहे दादा. आज नाई." मी म्हणालो. "थोडा दम धर."

दादा हसला. खरंच हसला. कोपऱ्यातून एक लांब उसासा आला आणि मलमलचा कपडा भोंग्यावरून घसरून खाली पडला.

"तोच तं धरून राहिलो गा," तो म्हणाला.